आधी माणूस, मग कागद, मग गाडी

कामथडीच्या पोरांनो आणि त्यांच्या घरच्यांनो, हे नीट ऐकून ठेवा. आपलं गाव पुणे-सातारा हायवेच्या कडेला. एका अंगाला चेलाडी फाटा आणि खेड शिवापूरचा टोलनाका, दुसऱ्या अंगाला कापूरहोळ आणि पुढे सारोळ्याचा नीरेवरचा पूल. मधल्या पट्ट्यात ढाबे, हॉटेलं आणि लग्नाची कार्यालयं. गटारी, चैत्रातल्या जत्रा, लग्नसराई, ३१ डिसेंबर, पावसाळ्यात राजगड-तोरण्याकडे वळणारी गर्दी, या दिवसांत नाकाबंदी लागणार हे ठरलेलं. आणि आपल्यातला कुणी ना कुणी तीत सापडतो. पोलीस हात दाखवतात, मशीनमध्ये फुंकायला लावतात, गाडी ठाण्याच्या आवारात जाते आणि घरी फोन वाजतो. फोन घेणारा पहिल्यांदा विचारतो, “गाडी कधी सुटणार?”

हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला माणसाचा, दुसरा कागदांचा, तिसरा गाडीचा. या क्रमाने गेलात तर गाडी लवकर आणि कमी खर्चात दारात येते. क्रम मोडून ओळखी काढत बसलात, तर दंड परवडला असं म्हणायची वेळ येते. आमच्या आधीच्या पिढीतल्या पोलीस पाटलांनी, कोर्टातल्या जुन्या कारकुनांनी आम्हाला जे सांगितलं, आणि गावातल्या कुणाकुणासोबत ठाण्याच्या पायऱ्या चढताना जे कळलं, ते आता तुमच्या हवाली करतो. मधल्या काळात कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले. तेही जोडून सांगतो.

गाडी कुणाच्या हद्दीत धरली ते आधी विचारा

फोनवर रडारड, शिवीगाळ करू नका. तीन गोष्टी विचारून कागदावर लिहा: कुठे धरलं, कोणत्या ठाण्यात नेलं, कुणाला लागलंय का.

कामथडी आणि आजूबाजूचा हायवे राजगड पोलीस ठाण्याकडे येतो. ते पुणे ग्रामीण पोलिसांचं ठाणं, आणि त्याचं कोर्ट भोरला. पण पोरगं शिरवळच्या कंपनीतून सुटून येताना नीरेच्या पलीकडे सापडलं असेल, तर तो सातारा जिल्हा. ठाणं शिरवळचं, कोर्ट खंडाळ्याचं. कात्रजच्या बाजूला शहरात सापडलं, तर पुणे शहर पोलीस आणि पुण्यातलं कोर्ट. भोरच्या वकिलाला घेऊन भोरच्या कोर्टात थांबायचं आणि दुपारी कळायचं की प्रकरण खंडाळ्याचं आहे, असे फुकट गेलेले दिवस मी पाहिलेत. गाडी जिथे धरली तिथलं ठाणं आणि त्याच ठाण्याचं कोर्ट. गाडीचा नंबर एमएच १२ आहे की एमएच ११, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माणूस आधी

ठाण्यात दोघे जा, त्याहून जास्त नकोत. दोघेही न प्यायलेले असा. दहा-पंधरा जण गेले की साहेब वैतागतात आणि एखादा गरम डोक्याचा तिथेच वाद घालतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ जामीनपात्र आहे. पण पोलिसाची कॉलर धरली किंवा त्याला ढकललं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, आणि ते अजामीनपात्र. घटकाभराच्या रागाने सोपं प्रकरण अवघड होतं.

ज्याला धरलंय त्याचा हक्कही माहीत हवा. कलम १८५ खाली अटक केली, तर दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं. कलम २०२ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. म्हणून अटक किती वाजता झाली आणि दवाखान्यात किती वाजता नेलं, दोन्ही वेळा लिहून ठेवा. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. चोवीस तासांच्या वर कोर्टासमोर उभं न करता ठेवता येत नाही. हे सगळं विचारायचं ते हात जोडून आणि हळू आवाजात. हक्क सांगायला आवाज चढवावा लागत नाही.

मशीनमध्ये फुंकायला नकार देऊ नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल, ही कायद्याची रेघ. नकार दिला म्हणजे सुटका झाली, हा गैरसमज आहे. सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे कोर्टात तुमच्याच विरुद्ध धरला जातो. फुंकण्याआधी मशीनची नळी नवी लावायला सांगा, आणि मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवरचा आकडा, तारीख, वेळ बघून घ्या. पुढे वकिलाला सगळ्यात आधी तीच लागते. रक्त घेतलं तर बाटलीला सील कुणासमोर लागलं ते बघा. ते रक्त पुण्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातं, तिथला अहवाल यायला वेळ लागतो. त्या अहवालाची वाट बघत गाडीचा अर्ज थांबवू नका.

आणि एक गोष्ट जिवावर आली तरी करू नका. “चालवत मी होतो” म्हणून न प्यायलेल्या भावाला किंवा ड्रायव्हरला पुढे करू नका. रक्ताच्या नमुन्याबाबत कुणाला शब्द टाकू नका. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनीअर गेले. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ड्रायव्हरवर दबाव आणल्याच्या आरोपावरून घरातली वडीलधारी माणसं आत गेली. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी होत्या त्यांची ही गत झाली. आपण कष्टाची माणसं, आपल्याला तो रस्ता मुळीच झेपणारा नाही.

गाडी लावून घेतलीय की जप्त केलीय?

आता गाडीचा प्रश्न, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचा फरक हा. ठाणे अंमलदाराला सरळ विचारा, “साहेब, गाडी नुसती लावून घेतलीय, की पंचनामा करून मुद्देमालात घेतलीय?”

ड्रायव्हर प्यायलेला असला की गाडी रस्त्यात सोडता येत नाही. म्हणून पोलीस ती सुरक्षित ठिकाणी लावतात. कलम २०२ त्यांना तात्पुरती व्यवस्था करायचा अधिकार देतं. गाडी अशी नुसती लावून घेतलेली असेल, अपघात नसेल, कागद पुरे असतील, तर मालकाने स्वतः किंवा लायसन असलेल्या, न प्यायलेल्या माणसाने जाऊन, कागद दाखवून, अर्ज देऊन ती ठाण्यातूनच आणता येते. नाकाबंदीच्या जागीच असा माणूस वेळेत पोहोचला, तर कधी कधी गाडी तिथूनच त्याच्या ताब्यात मिळते. म्हणून रात्रीचा फोन आला की घरातल्या लायसनवाल्या माणसाला लगेच निघायला सांगा.

पंचनामा होऊन गाडी मुद्देमाल झाली, म्हणजे गाडीवर गुन्हा रजिस्टर नंबर, आपण गु.र.नं. म्हणतो तो, लिहिला गेला, की ती ठाण्यातून परस्पर सुटत नाही. कोर्टाचा आदेश लागतो. मग हवालदाराच्या मागे आठवडाभर फिरण्यात अर्थ नाही. तो मनात आणूनही देऊ शकत नाही. सरळ कोर्टाचा रस्ता धरा.

तिसरा प्रकार असा: चालवणाऱ्याकडे लायसनच नव्हतं किंवा गाडीचं रजिस्ट्रेशनच झालेलं नव्हतं. तेव्हा कलम २०७ खाली गाडी अडवून ठेवतात आणि योग्य कागद दाखवून अर्ज केल्यावर सोडतात. गाडीत विकायला नेल्यासारख्या बाटल्यांचे खोके सापडले, तर मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागतो. त्यात गाडी सरकारजमाही होऊ शकते. अशा वेळी वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

गाडी कुणाच्या नावावर आहे?

आपल्याकडे निम्मी प्रकरणं इथेच अडतात. वापरणारा एक, आरसीवर नाव दुसऱ्याचं. गाडी नऱ्ह्याच्या कुणाकडून रोखीत घेतली, टीटी फॉर्मवर सही घेऊन फॉर्म कपाटात ठेवला, नावावर करायची राहिली. आता गाडी ठाण्यात, आणि कोर्ट विचारतं मालक कोण. कोर्टापुढे मालक तोच ज्याचं नाव आरटीओच्या वहीत आहे. मग जुन्या मालकाला शोधा, त्याच्या विनवण्या करा, त्याला कोर्टात आणा. तो आधीच घाबरलेला, कारण समन्स त्याच्या पत्त्यावर गेलेलं.

म्हणून गाडी घेतली की ती नावावर करून घ्या. विकणाऱ्याने कळवायचं आणि घेणाऱ्याने नावावर करून घ्यायची, दोघांवरही कायद्याने जबाबदारी आहे. वडील गेले आणि गाडी त्यांच्याच नावावर राहिली, तर वारसांनी आरटीओत नाव लावून घ्यावं. भोर तालुक्याला ते काम पुण्याच्या संगम पुलाजवळच्या आरटीओत पडतं. हप्त्यावरची गाडी असेल तरी आरसीवर ज्याचं नाव, अर्ज त्याचाच. मालक मुंबईला किंवा परदेशात असेल, तर त्याच्याकडून रीतसर अधिकारपत्र मागवा. व्हॉट्सॲपवर “माझी हरकत नाही” असा मेसेज कोर्टात चालत नाही.

मालक वेगळा आणि चालवणारा वेगळा असेल, तर मालकाने घाबरायचं कारण नाही. कलम १८५ ची शिक्षा चालवणाऱ्याला आहे. दुधाचा टेम्पो, भाजीची पिकअप, ट्रॅक्टर यांच्यावर घर चालत असतं. ड्रायव्हर प्यायला म्हणून मालकाने गाडी मागायला संकोच करू नये. गाडी रोजीरोटीची आहे हे अर्जात स्पष्ट लिहा, डेअरीची पावती किंवा हप्त्याचं पत्रक सोबत जोडा. मात्र ड्रायव्हर पितो हे माहीत असूनही चावी देत राहिलात, तर पुढच्या वेळी कोर्ट तुमचं ऐकून घेईल, अशी आशा ठेवू नका.

कागदांची पिशवी

एक प्लास्टिकची पिशवी घ्या आणि त्यात हे ठेवा: आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, ज्याने गाडी आणायची त्याचं लायसन, मालकाचं आधार आणि पॅन कार्ड, धंद्याची गाडी असेल तर परमिट आणि फिटनेस, मालकाचे दोन फोटो. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. एक ठाण्याला, एक कोर्टाला, एक आपल्याकडे. मूळ कागद कुणाच्याही हातात पोच घेतल्याशिवाय द्यायचा नाही. पोलिसांनी लायसन काढून घेतलं, तर त्याची पोच मागा. कायद्याने ती द्यावी लागते.

इन्शुरन्स किंवा पीयूसी संपलेलं असेल, तर आधी ते करून घ्या. गाडीवर थकलेली ई-चलान असतील तर तीही बघून घ्या. सोडवायला गेल्यावर तो विषय निघतोच. एफआयआरची प्रत ठाण्यातून मागा. राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही बहुतेक एफआयआर बघायला मिळतात. पंचनाम्यात गाडीबरोबर काय काय लिहिलंय ते वाचा. स्टेपनी, जॅक, बॅटरी, टेप, डिकीतली हत्यारं, मीटरवरचे किलोमीटर, हे सगळं लिहिलेलं असेल तर पुढे वाद होत नाहीत.

कोर्टाचा अर्ज आणि सुपुर्दनामा

मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायचा. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ आणि ४५७ कलमांखाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हापासून ती कलमं ४९७ आणि ५०३ झाली. जुने टंकलेखक अजून जुनी कलमं टाकून देतात, म्हणून सही करायच्या आधी अर्ज वाचा.

अर्ज दिला की कोर्ट पोलिसांचा ‘से’ मागवतं. म्हणजे तपासी अंमलदार लिहून देतो की गाडी द्यायला हरकत आहे की नाही. इथेच तारखा पडतात. आपण काय करायचं? ‘से’ मागवल्याचा कागद ठाण्यात पोहोचला का ते दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं, तपासी अंमलदाराला नम्रपणे आठवण करायची. त्यासाठी पाकीट लागत नाही, नुसता पाठपुरावा लागतो.

कोर्टाला काय सांगायचं तेही लक्षात ठेवा. २००२ साली सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात स्पष्ट म्हटलं की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात काही अर्थ नाही, योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन त्या लवकर सोडाव्यात. वकील हा निकाल जोडतोच. तुम्हालाही माहीत असू द्या. नव्या संहितेनेही मालमत्तेचे फोटो, व्हिडिओ काढून तिची विल्हेवाट लवकर लावण्यावर भर दिलाय. खटला चालेपर्यंत गाडी ठाण्यातच राहिली पाहिजे, असा नियम नाही.

आदेश झाला की सुपुर्दनामा करून द्यायचा. त्यात गाडीच्या किमतीएवढं बंधपत्र असतं आणि अटी असतात: गाडी विकणार नाही, रंग किंवा बनावट बदलणार नाही, कोर्टाने बोलावलं की आणून दाखवीन. कोर्टाने जामीनदार मागितला तर आपल्या गावात त्याची सोय होते. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा सात-बारा, आठ-अ, आधार, आणि लागला तर तहसील कचेरीतून ऐपतीचा दाखला. पण भाऊबंदांनो, जामीनदार राहणं म्हणजे नुसती सही नाही. गाडी परत मागितली आणि ती विकलेली निघाली, तर कोर्ट जामीनदाराच्या सात-बाऱ्याकडे बघतं. म्हणून सही देणाऱ्याला अटी वाचून दाखवा, आणि त्या अटी तुमच्याही घरात भिंतीवर लावा. खटला संपेपर्यंत त्या लागू असतात.

वकिलाची फी आधी विचारा आणि पावती मागा. परवडत नसेल तर भोरला तालुका विधी सेवा समिती आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला, आणि उत्पन्न कितीही असलं तरी महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही चौकशी करता येते. आपल्या हक्काच्या गोष्टीसाठी लाजायचं नाही.

अपघात झाला असेल तर

कुणाला लागलंय असं कळलं, तर गाडीचा विषय बंद. आधी जखमीला दवाखान्यात पोहोचवा. १०८ ला फोन करा. त्याच्या घरी आपली मोठी माणसं पाठवा. पैसे देऊन तोंड बंद करायला नव्हे, माणुसकी म्हणून.

अपघातातल्या गाडीची आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी होते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे बघून अहवाल देतात. कलम १३६ सांगतं की गाडी कुठे नेली ते मालकाला कळवावं आणि तपासणी झाल्यावर चोवीस तासांत परत करावी. पण मुद्देमालात घेतलेली असेल तर कोर्टाचा आदेश लागतोच. तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नका, काच बदलू नका, पत्रा सरळ करू नका.

गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स नसेल आणि कुणी जखमी किंवा मयत असेल, तर भरपाईची हमी दिल्याशिवाय कोर्ट गाडी सोडत नाही. तशी हमी दिली नाही तर गाडीचा लिलाव करून पैसा भरपाईला जातो. आणि इन्शुरन्स असला तरी दारू पिऊन चालवताना झालेल्या आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे कंपनी देत नाही. म्हणजे पत्र्याचा, इंजिनाचा सगळा खर्च आपल्या खिशातून. ही गोष्ट पोरांना पिण्याआधी सांगा.

दंड आणि कबुली

कलम १८५ चा दंड रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. पोलिसांना तो तडजोडीने घेता येत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर कुणी “इथंच मिटवून टाकू” म्हणत असेल, तर ते पैसे तुमच्या दंडात जमा होणार नाहीत, हे समजून चाला. कोर्टाबाहेर “साहेबांचा माणूस” म्हणून भेटणाऱ्यालाही तोच नियम. त्याला दिलेल्या पैशाची पावती नसते, आणि पुढच्या तारखेला तो दिसतही नाही.

बरेच जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळे होतात. खरंच चूक झाली असेल तर तो सरळ रस्ता आहे. पण एकदा कबुली झाली की शिक्षा नोंदीत राहते. पोलीस भरती, ड्रायव्हरची नोकरी, पासपोर्टची पडताळणी, या ठिकाणी ती पुढे येऊ शकते. मशीनची चिठ्ठी नाही, तपासणी वेळेत झाली नाही, असं काही खरोखर असेल तर कबुलीआधी वकिलाचा सल्ला घ्या. बॅज असलेल्या ड्रायव्हरने तर घ्यावाच.

तारीख चुकवू नका. गाडी घरी आली की लोकांना कोर्ट आठवत नाही. मग वॉरंट निघतं आणि शेतात काम करताना पोलीस दारात येतात. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. घरातल्या कुणा एकाने ते मोबाईलवर बघायची जबाबदारी घ्यावी.

ताबा घेताना

आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात जायचं ते दिवसा आणि कामाच्या दिवशी. मुद्देमाल कारकुनाला भेटा. रजिस्टरवर सही करण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. एक पावसाळा उघड्यावर काढलेल्या मोटारसायकलच्या सीटवर शेवाळ धरतं, साखळी गंजून एकजीव होते, टायर जमिनीला टेकतात, टाकीत पाणी उतरतं. चारचाकीत उंदीर वायरी खातात, गवत चाकांतून वर येतं. म्हणूनच आठ-पंधरा दिवसांत अर्ज करा म्हणतो. गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, इंजिन आणि चॅसिस नंबर आरसीशी जुळवा, पंचनाम्यातली प्रत्येक वस्तू मोजून घ्या. काही कमी असेल तर तिथेच, सही करायच्या जागेवरच, लिहा. घरी येऊन केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. बॅटरी उतरली असेल तर जबरदस्तीने सुरू करू नका. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या, नाहीतर टेम्पोत घालून आणा.

आणि हे फार महत्त्वाचं: रात्री पकडलेला माणूस सकाळी गाडी आणायला स्वतः चालवत येऊ नये. शरीर दारू आपल्या चालीने उतरवतं, तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. समजा रात्री अकराला आकडा १५० होता, तर तो ३० वर यायला सकाळचे सात वाजतात. लिंबूपाणी, ताक, काळा चहा, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ती चाल वाढत नाही. सकाळी डोकं जड आहे म्हणजे रक्तात अजून आहे असं धरा. ठाण्याच्या दारात दुसऱ्यांदा मशीन तोंडापुढे आलं, तर काय सांगाल?

गाडी आली, आता घर

लायसनचं प्रकरण गाडीबरोबर संपत नाही. पोलीस ते आरटीओकडे पाठवतात, निलंबनासाठी. निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि घरच्या माणसाने माहीत असून चावी दिली, तर त्याच्यावरही गुन्हा. पोरगं अठराच्या आतलं असेल तर आई-बापाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. बारावीतल्या पोराच्या हातात बुलेट देणाऱ्या बापांनी हे दोनदा ऐकावं.

गाडी सोडवून आणणं हे काम आपण शिकलो, आपल्या पोरांनाही शिकवू, कारण अडल्या वेळी घरच्यांना वाट माहीत हवी. पण दंड भरता येतो, कोर्टाच्या पायऱ्या चढता येतात, गंजलेली साखळी बदलता येते. हायवे ओलांडून रानात निघालेला माणूस गाडीखाली गेला, तर त्याला सोडवून आणायचा अर्ज कुठल्याच कोर्टात नाही. म्हणून जत्रेच्या कमिटीने, नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी, कंपनीतल्या दोस्तांच्या कंपूने एक काम आधी करावं. घरातून निघतानाच ठरवावं की आज कोण थेंबभरही घेणार नाही. चाव्या त्याच्याकडे द्याव्यात. आणि रात्री कितीही वाजले, कुणी कितीही मोठा असला, तरी त्या परत मागू नयेत.